येथे म्हशी चालणार नाहीत

"तुमच्यात चालतं का?" हा प्रश्न पुण्यात कुणी विचारला तर तो घड्याळाबद्दल किंवा गाडीबद्दल नसतो. तो मासे-मटणाबद्दल असतो, आणि मासे-मटणाच्या आडून आडनावाबद्दल असतो. विश्रांतवाडीच्या पलीकडे, नदीच्या अंगाला नवी सोसायटी झाली तेव्हा तिथे मी फ्लॅट घेतला. राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सोसायटीचे अध्यक्ष ओळख करून घ्यायला आले. आमच्या दिवाणखान्यातल्या तसबिरींकडे त्यांनी नीट पाहिलं. उत्तर त्यांना तिथेच मिळालं होतं, तरी त्यांनी विचारलंच.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "चालते ना. रोज नाई, पण चालते."

"चालू द्या, चालू द्या," अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. "आमचं काही म्हणणं नाही हो. फक्त करताना तेवढी डक्टकडची खिडकी लावून घेत जा."

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील नोकरीसाठी खडकीच्या कारखान्यात आले आणि रिटायर व्हायच्या आधीच गेले. आईने पुण्यात तीसेक वर्षं काढली, पण बोली वैनगंगेकाठचीच ठेवली. पुण्याची भाषा तिला कळत नव्हती असं नाही, तिला ती पटत नव्हती. मी तेव्हा येरवड्याच्या पुढे नव्याने उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतींपैकी एकीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या. पुण्यात या कामाचे पैसे घेणारी मी थोड्या लोकांपैकी एक असेन, कारण बाकी सगळे ते फुकट करतात.

बिल्डरच्या पत्रकात नदी निळी होती आणि काठावर एक गोरी बाई पुस्तक वाचत बसली होती. प्रत्यक्षात नदी चहाच्या चोथ्यासारखी होती आणि काठावर म्हशी बसलेल्या असत. म्हशींचे मालक जवळच्या गावचे. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणायची. जिथे आमचं पार्किंग झालं तिथे त्यांचं ज्वारीचं वावर होतं. जमीन विकली गेली, भाऊबंदांत पैसे वाटले गेले, आणि मामांकडे कुंपणापलीकडचा गोठा आणि पंधरा-वीस म्हशी राहिल्या. सकाळी ते सोसायटीत दारोदार दूध घालायचे. दुधात पाणी असायचं, पण ते नदीचं नसून नळाचं असायचं, एवढी सचोटी त्यांच्यात होती. दूध घालून झालं की म्हशी काठावर सोडायचे आणि स्वतः पिंपळाखाली आडवे व्हायचे.

अध्यक्षांचं आणि म्हशींचं जुनं वैर होतं. एका म्हशीने त्यांच्या नव्या गाडीच्या आरशाला अंग घासलं होतं. शिवाय तिसऱ्या मजल्यावरचा त्यांचा दुसरा फ्लॅट भाड्याने जात नव्हता, कारण बघायला येणारे बाल्कनीत उभे राहून नाकाला रुमाल लावत. अध्यक्ष एका सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते आणि त्यांना कुठलीही गोष्ट तत्त्वाशिवाय करता येत नसे. म्हशी हाकलायच्या तर होत्या, पण तत्त्व सापडत नव्हतं.

ते त्यांना डेक्कनकडच्या एका सभागृहात सापडलं. नदीवरचं व्याख्यान होतं, स्लाइड-शोसहित, प्रवेश मोफत. तिथे त्यांना कळलं की जनावरं काठावर चरली की गवत जातं, खुरांनी काठ ढासळतो, माती उथळ पाण्यात जाऊन बसते, आणि काठाच्या गवताच्या आडोशाला घातलेली माशांची अंडी त्या गाळाखाली गुदमरतात. अध्यक्ष व्याख्यानाहून परत आले ते मत्स्यप्रेमी होऊन. वैताग असा, की हे सगळं खरं होतं. वक्त्याने एक अक्षर चुकीचं सांगितलं नव्हतं. सत्य कधी कुणाच्या पदरात पडेल याचा काही नेम नसतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले.

"मत्स्यसंवर्धन समिती स्थापन करतोय," ते म्हणाले. "तुम्ही त्यात असायलाच हव्यात. तुम्हाला माशांची माहिती असणार."

"मला? मी कंप्युटरवर काम करते."

"नाही, म्हणजे, तुमच्यात चालतं ना, म्हणून म्हटलं."

मासे खाल्ले की मत्स्यशास्त्र येतं, हे मला नवीन होतं. या न्यायाने अध्यक्ष वांग्यांचे कृषितज्ज्ञ असायला हवे होते. मी तोंड उघडणार तोच आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "मी येतो पाहाले. कुठी हायत मासे?" आमच्याकडे बायकाही "मी येतो, मी जातो" म्हणतात. अध्यक्षांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती व्याकरणासकट घरात घुसली आहे. मग त्यांनी चहा घेतला. चहा मामांच्या म्हशीच्या दुधाचा होता आणि त्यांना तो आवडला.

आम्ही तिघं काठावर गेलो. म्हशींनी काठाचं खरंच वाटोळं केलं होतं. मी रोज बाल्कनीतून बघायचे, पण वरून ते नुसतं चिखलासारखं दिसायचं. जवळून पाहिलं तर काठ कुरतडलेल्या भाकरीसारखा झाला होता. गवताचं पातं नाही, खुरांचे खड्डे, खड्ड्यांत हिरवट पाणी. फक्त एका ठिकाणी, जुन्या पंपघराच्या पडक्या भिंतीमागे, म्हशींना वळायला जागा नव्हती. तिथे घरातल्या खोलीएवढ्या जागेत पाणकणसं आणि लव्हाळे उभे होते. आई पदर खोचून भिंतीवरून वाकली आणि मागे हात करून मला गप्प बसायची खूण केली.

पाण्यावर कुणी चिमूटभर तिखट सांडावं तसा तांबूस ठिपका हलत होता. ठिपका फुटायचा आणि पुन्हा गोळा व्हायचा. मग त्याच्याखाली काळं काहीतरी सरकलं आणि त्याने पाण्याबाहेर तोंड काढलं.

"साप!" म्हणून अध्यक्ष दोन पावलं मागे गेले आणि शेणात उभे राहिले.

"साप कायचा? मरळ हाय ते. लेकुरवाळी मरळ. लेकरं घेऊन फिरून रायली." आईचा आवाज एकदम खाली आला होता. "आमच्याकडे लेकुरवाळीवर कोणी जाळं टाकत नाई."

"हा मासा आहे? असा?" अध्यक्षांचा थोडा विरस झाला. त्यांच्या डोक्यात व्याख्यानातले चंदेरी मासे होते. हा काळा, सापाच्या डोक्याचा आणि ओबडधोबड होता. मग त्यांनी अगदी हळू आवाजात आईला विचारलं, "हासुद्धा... चालतो का तुमच्यात?"

"चांगला चालते. काटे कमी असते. पण या पान्यातला नाई खाणार बापा. तुमच्या संडासाचा वास येते त्याले."

आमच्या सोसायटीचं सांडपाणी पंपघराच्या जरा वरच्या अंगाला, ओढ्यात सोडलेलं होतं. पाइप तिथून स्पष्ट दिसत होता. अध्यक्षांनी आकाशाकडे पाहिलं आणि पाऊस लांबलाय म्हणाले. मरळ या पाण्यात जगते, कारण ती अधूनमधून वर येऊन बाहेरची हवा घेते. पुण्याच्या नदीत राहायचं तर पाण्यावर विसंबून भागत नाही, हे तिला आमच्या आधी समजलं होतं.

त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी पंपघराच्या भिंतीशी जाऊन बसू लागली. तोवर ती या शहरात कुठे जाऊन बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाजारात जायची, दवाखान्यात जायची, विहारात जायची, आणि काम झालं की परत यायची. पुण्यात तिला नुसतं बसावंसं वाटलेली ही पहिली जागा. माहेरच्या तलावावर ती लहानपणी अशी बसायची, एवढंच ती बोलली. फार हळवी वगैरे नव्हती. "मोठे झाले का हेच लेकरं मायले पळवते आन् मायच यायले खाते," असंही वर सांगून हसायची. पण ती खोलीएवढी जागा वाचावी असं तिला मनापासून वाटत होतं. मी त्या समितीत गेले ते तेवढ्यासाठी. नदी, पर्यावरण आणि पुढच्या पिढ्या या माझ्या यादीत बऱ्याच खाली होत्या.

समितीची सभा गच्चीवर झाली. कुंपण घालायचं हे पाच मिनिटांत ठरलं आणि पाटीवर काय लिहायचं यावर उरलेली सभा चालली. एकाने सुचवलं, "येथे म्हशी आणू नयेत." अध्यक्ष म्हणाले, ही आज्ञा झाली, आपण संवर्धन करतोय, दमदाटी नाही. दुसऱ्याने सुचवलं, "म्हशींना मज्जाव." त्यावर मज्जाव हा शब्द फार्सी आहे की अरबी यावर चर्चा झाली. शेवटी अध्यक्षांनीच मसुदा मांडला. सौम्य पण ठाम. वर मोठ्या अक्षरांत 'मत्स्यनिवास', आणि खाली 'येथे म्हशी चालणार नाहीत'. टाळ्या पडल्या. शाकाहारी माणसांनी एकमताने मंजूर केलेली ती पाटी वाचून मला आतल्या आत हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. चूक मला पहिल्या क्षणी दिसली होती. पण ऑफिसात चूक दाखवायचा पगार मिळत होता, इथे कोण देणार होतं?

बांबू आणि तारेचं कुंपण झालं. मजबूत पत्र्याची पिवळी पाटी, लाल अक्षरं, वर अध्यक्षांच्या हौसेने काढलेला एक गुबगुबीत मासा. पाटी रस्त्यावरून दिसावी म्हणून उंच लावली होती.

पहिल्याच रविवारी दुपारी एक कुटुंब गाडीतून उतरलं आणि वॉचमनला विचारू लागलं, फॅमिली सेक्शन कुठल्या बाजूला आहे? वॉचमनने त्यांना अध्यक्षांकडे पाठवलं. गृहस्थांनी अदबीने विचारलं, "थाळीत सुरमई आहे का पापलेट?" अध्यक्ष अंगावर पाल पडल्यासारखे बघत राहिले. "अहो, इथे काही मिळत नाही!" गृहस्थ समजूतदार होते. म्हणाले, "म्हशीचं मिळत नाही ते वाचलं आम्ही. आम्हाला नकोच आहे. माशाचं विचारतोय." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आणखी तिघं येऊन गेले. त्यांतला एक तर, बांधकाम अजून चालू आहे का, उद्घाटन कधी, म्हणून फोन नंबर ठेवून गेला.

मला जेवताना ठसका लागेपर्यंत हसू आलं. आई म्हणाली, "हासू नको. त्यायनं कुंपण तं घातलं."

मामांनी पाटी सावकाश वाचली. त्यांना लिहिता-वाचता चांगलं येत होतं. म्हशी खरंच काठ खातात हेही त्यांना माहीत होतं आणि त्यांना त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मला म्हणाले, "चालणार न्हाईत म्हनं. बरं. मग बसत्याल."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बरोबर ऑफिसला निघायच्या वेळी, सगळ्या म्हशी सोसायटीच्या फाटकात बसल्या. म्हैस एकदा बसली की तिच्याशी चर्चा करता येत नाही. अमेरिकेच्या क्लायंटशी बोलायला निघालेले इंजिनीअर गळ्यात ओळखपत्र लटकवून म्हशींना "शूक शूक" करत होते. त्याच दिवसापासून मामांनी दूध बंद केलं. मग सोसायटीच्या ई-मेलच्या ग्रुपवर रडारड सुरू झाली. पिशवीच्या दुधाला साय येत नाही. लहान मुलांना ते पचत नाही. कुणाच्या तरी सासूबाईंनी विरजणासाठी अन्नत्याग केल्याचं कळलं. दूध चालत होतं, म्हैस चालत नव्हती. मासा वाचवायला चालत होता, शिजवायला चालत नव्हता. आमच्या सोसायटीला सगळ्या गोष्टी त्यांच्या मुळापासून तोडून, धुऊन, पिशवीत भरून हव्या होत्या.

तोड मामांनीच काढली. आमच्याकडे येऊन सोफ्याच्या कडेवर बसले आणि मला म्हणाले, "ताई, तुमच्या सायबास्नी सांगा. मला पान्याला एक वाट सोडा, पिंपळाखालची. तेवढ्यात माझी जनावरं उतरतील न् चढतील. बाकीच्या काठाला म्हशीनं तोंड लावलं तर मला हितं यिऊन जोड्यानं मारा."

"गवत कुठून घालसान मंग?" आईने विचारलं.

"घालीन की. हत्तीघास लावीन गोठ्यामागं. दुधाचा भाव वाढंल जरा."

अध्यक्षांनी याचा ठराव केला आणि पिंपळाखालच्या वाटेला 'सहअस्तित्व उतार' असं नाव दिलं. मामा तिला उतारच म्हणत राहिले. दूध सुरू झालं, म्हशी उठल्या. 'मत्स्यनिवास'ची पाटी तेवढी कुणी बदलली नाही, कारण तिच्या शुद्धलेखनात चूक नव्हती.

आणि खरं सांगायचं तर, ते सगळं जमून आलं. मला कुणाचं चांगलं बोलायची फारशी सवय नाही, पण हे बोलायला हवं. मामांनी शब्द पाळला. म्हशी शहाण्या मुलींसारख्या उताराने खाली जात, डुंबत आणि त्याच वाटेने वर येत. पावसाळ्यानंतर काठावर गवत आलं. पुढच्या वर्षी पाणकणसं पंपघराच्या भिंतीपलीकडे पसरली, खुरांचे खड्डे बुजले, काठाची माती धरून ठेवायला मुळं आली. पाण्याचा वास होता तोच राहिला, कारण पाइप होता तिथेच होता. पण काठ काठासारखा दिसायला लागला.

एका दुपारी ऑफिसात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. आई ऑफिसात फोन करायची नाही. मला वाटलं, काही झालं. मी घाबरून उचलला तर ती म्हणाली, "निंघाले."

"कोण निघालं?"

"लेकरं! दोन लेकुरवाळ्या हायत यंदा. एक भिंतीपाशी न् एक इकडच्या गवतात. लाल लाल दिसून रायले. तू सुट्टी काढून ये."

मी सुट्टी काढली नाही, पण संध्याकाळी लवकर निघाले. आम्ही दोघी भिंतीवर बसून ते तांबूस ठिपके फुटताना आणि गोळा होताना पाहत राहिलो. म्हशी पलीकडे डुंबत होत्या. मामा पिंपळाखाली घोरत होते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. या सोसायटीत राहायला आल्यापासून पहिल्यांदाच वाटलं, की आपण इथले आहोत.

यश मिळालं की पुण्यात आधी सत्कार होतो आणि मग तक्रारी. अध्यक्षांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्यांनी भाषणात 'जैवविविधता' हा शब्द इतक्या वेळा वापरला की पुढच्या रांगेतली मुलं मोजायला लागली. पंधरा दिवसांत तक्रारी आल्या. गवत वाढल्यामुळे डास झाले. तळमजल्यावर धामण दिसली, कात्रजच्या सर्पोद्यानाला फोन करावा काय? बाल्कनीतून पूर्वी निदान पाणी दिसायचं, आता नुसतं रान दिसतं. आणि दरम्यान सोसायटीतल्या फ्लॅटचे दर वाढले होते, बाहेरच्या देशांत जाऊन आलेले लोक राहायला आले होते, आणि त्या सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या परदेशात नदीकाठी चालण्याचा सुंदर रस्ता पाहिलेला होता.

सर्वसाधारण सभेत ठराव आला: 'नदीकाठ स्वच्छता व सुशोभीकरण'. काठ साफ करून फरशी घालायची, कट्टा बांधायचा, बाकं आणि दिवे लावायचे. नगरसेवकाकडून मदत मिळणार होती.

मी उभी राहिले. म्हटलं, "या गवतासाठीच तर आपण म्हशी बाहेर काढल्या होत्या."

"अहो, म्हशी बाहेर काढल्या त्या माशांसाठी," अध्यक्ष म्हणाले. "मासे आहेतच की. मासे पाण्यात असतात, गवतात नाही."

"अंडी कुठे असतात? तुमच्याच त्या व्याख्यानात..."

"व्याख्यान जनावरांबद्दल होतं. फरशीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. उलट काठ स्वच्छ झाला तर मासे खूशच होतील. नाही का हो?" त्यांनी सभेला विचारलं. सभा हो म्हणाली. मग ते माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाले, "तुमची अडचण समजते मला. तुमच्याकडे या गोष्टीकडे जरा वेगळ्या दृष्टीने बघतात."

म्हणजे मी त्या माशांवर डोळा ठेवून आहे, हे त्यांनी सभ्य शब्दांत सांगितलं होतं. सभेत कुणीतरी हसलं. मला सणसणून राग आला. मी काय बोलले ते इतिवृत्तात 'एका सदस्येने वेगळे मत नोंदवले' असं आलं. आईला मी घरी येऊन सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "लेकुरवाळ्या हायत म्हणून सांगतलं का त्यायले?" सांगितलं होतं. "मंग?" मी ताटं घ्यायला उठले.

जेसीबी सकाळीच आला. दूध घालून मामा म्हशी घेऊन उताराकडे निघाले होते, ते तिथेच थांबले. मी ऑफिसला गेले नाही. आई पंपघराच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली होती, आणि ड्रायव्हर बिचारा "आजी, बाजूला व्हा, लागंल" म्हणून ओरडत होता. मी तिला हाताला धरून आणलं. ती आली, हटवादीपणा न करता. मला वाटतं तिने हटवादीपणा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

आधी पाटी गेली. मग कुंपण, मग भिंत. मग त्या यंत्राने दाते खाली घातले आणि पाणकणसं मुळांसकट उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकली. मुळांना लोंबणारी काळी माती, मातीतून गळणारं पाणी. त्या पाण्यातून काय काय गळत होतं ते बघायला आम्ही जवळ गेलो नाही. आईने पदर तोंडाशी धरला होता. वासासाठी नव्हे.

म्हशी ओळीने उभ्या राहून बघत होत्या. मामा तंबाखू मळत म्हणाले, "माझ्या म्हशी वरवरचं खात हुत्या ताई. फुडच्या सालाला परत यायचं ते. ह्या तुमच्या पिवळ्या म्हशीनं मुळासकट खाल्लं. न् हिला पाटी बी कुनी लावली न्हाय."

मी त्यांना, ही म्हैस माझी नाही, असं म्हणणार होते. पण मेन्टेनन्सची वर्गणी मीही भरत होते, त्यामुळे ते तोंडातच राहिलं.

उतारालाही फरशी लागली आणि वर पायऱ्या झाल्या. म्हशींना पायऱ्या उतरता येत नाहीत. मामांनी काही दिवस त्यांना टाकीवर पाणी पाजून पाहिलं, मग निम्म्या विकल्या आणि उरलेल्या घेऊन आळंदीच्या बाजूला सोयऱ्यांकडे गेले. जायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे निरशा दुधाची किटली ठेवून गेले. त्या दुधात पाणी नव्हतं, हे आईच्या लगेच लक्षात आलं. सोसायटीने पिशवीचं दूध लावलं. ते कुणाच्या मुलांना पचत नाही अशी तक्रार पुन्हा आली नाही.

उद्घाटनाला फीत होती, मांडव होता, नगरसेवक होते. दुतर्फा दिवे, मध्ये तांबड्या फरशीचा रस्ता, आणि नवी पाटी: 'हा मार्ग फक्त चालण्यासाठी'. पांढरे बूट घातलेली माणसं हात हलवत जोरजोराने चालत होती आणि नदीकडे पाठ करून बाकांवर बसत होती, कारण नदीला वास येत होता. आई आली नव्हती. तिने तिकडे जाणंच सोडलं होतं. संध्याकाळी ती पुन्हा घरात बसू लागली होती, टीव्ही न लावता.

काही आठवड्यांनी मीच तिला ओढून नेलं. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलं होतं आणि आता चालण्यासाठी फक्त तोच मार्ग होता. पंपघराची भिंत जिथे होती तिथे एक गोल हौद बांधला होता. हौदाच्या मध्यभागी सिमेंटचा मासा होता. गुबगुबीत, चंदेरी रंगाचा, पाटीवरच्या माशासारखा. शेपटीवर उभा राहून तो तोंडातून कारंज्याचं पाणी उडवत होता. पाणी नळाचं होतं, स्वच्छ. हौदाच्या कठड्याला टेकून अध्यक्ष पाहुण्यांना माहिती देत होते. त्यांनी आईला नमस्कार केला आणि अभिमानाने विचारलं, "कसा वाटला, आजी, आमचा मासा?"

आईने त्या माशाकडे बराच वेळ पाहिलं. नाकाशी हात नेऊन एकदा हुंगल्यासारखं केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हा चालते यायच्यात."